आधी ताट, मग सुई

अख्ख्या उज्जैनमध्ये देवाच्या आधी जेवायला बसणारी, आणि वर देवालाच थांबायला सांगणारी बाई एकच झाली, आणि ती नेमकी माझी नणंद निघाली. सणावाराला सासूबाई नैवेद्याच्या पानाभोवती पाणी फिरवायच्या बेतात असायच्या आणि वन्सं कोपऱ्यात पाट ओढून निवांत वरणभात कालवत बसलेल्या. सासूबाईंनी डोळे वटारले की म्हणायच्या, "आई, देवाला इन्सुलिन घ्यावं लागत नाही. मला लागतं. त्याला थांबता येईल." लग्नाच्या पंगतीतही तेच. वरमाय अजून पानं मोजतेय आणि ही वराची आत्या आचाऱ्याजवळ उभी राहून पुऱ्या खातेय. लोकांना वाटायचं, काय हावरट बाई! पण त्यांचा नियम कडक होता: आधी ताट, मग सुई. वाढलेलं ताट समोर दिसल्याशिवाय सुई टोचायची नाही आणि सुई टोचल्यावर ताटावरून उठायचं नाही, मग घराला आग लागली तरी.

वन्संना डायबिटीस झाला तो फ्रॉक घालायच्या वयात. म्हातारपणी गोळ्यांवर भागतो तो नव्हे. शरीर इन्सुलिन बनवतच नाही, तो. आणि साखर तरी कशी? सकाळी आभाळात, दुपारी विहिरीत. तीच पोळी, तेवढंच औषध, पण एक दिवस जिना जास्त चढला, सर्दी झाली, नाहीतर कुणाची काळजी लागली की सगळा हिशोब कोलमडायचा. त्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. म्हणायच्या, "प्रश्न तोच, रीत तीच आणि उत्तर रोज वेगळं. शाळेत असं गणित दिलं असतं तर इन्स्पेक्टरनं मला घरी पाठवलं असतं."

मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्याजवळ अक्कल सोडून सगळं होतं. डायबिटीस म्हणजे गोड बंद, एवढं मला ठाऊक, आणि तेवढ्या ज्ञानावर मी स्वतःला या घराची हवालदार नेमलं. एकदा दुपारी बघते तर वन्सं ओट्याशी उभ्या, कपाळावर घाम, हात थरथरतायत आणि चक्क साखरेचा डबा उघडतायत! मी डबा हिसकावला, पदर खोचला आणि मनाच्या संयमावर व्याख्यान सुरू केलं. काय सुंदर बोलत होते मी! तेवढ्यात वन्सं किंचाळल्या, "ए, हट सामने से! बड़ी आई समझाने वाली! डब्बा इधर दे!" मी रडत सासूबाईंकडे. नणंदेनं मला ए म्हटलं, तेही हिंदीत! सासूबाईंनी आधी धावत जाऊन लेकीच्या तोंडात साखर घातली, तिचा चेहरा ताळ्यावर आला तेव्हा माझ्याकडे वळल्या. "हे बघ, ती हिंदीत भांडली की साखर उतरली समजायचं. मराठीत भांडली तर मात्र ती खरंच तुझ्यावर चिडलीय." पुढे आयुष्यभर आमच्या घरातलं खरं मशीन हेच. वन्सं फोनवर "सुनो" म्हणाल्या की आमचे हे चप्पल घालून निघायचेच.

वन्संचं लग्नाचं वय झालं तेव्हा स्थळं यायची, चहा-पोहे खायची आणि सुईचं ऐकून परत जायची. इंदूरच्या एका मंडळींनी विचारलं, "हिला कोण सांभाळणार?" वन्सं ट्रे उचलता उचलता म्हणाल्या, "मीच." आणि खरंच, नोकरी पक्की होताच त्यांनी जुन्या शहरात, महाकालाच्या सवारीच्या, म्हणजे श्रावणातल्या पालखीच्या, रस्त्यावर दोन खोल्या घेतल्या. एकटं राहणं हा त्यांचा एकच हट्ट. आम्ही नव्या शहरातल्या फ्रीगंजमधून दर दिवाळीला म्हणायचो, या ना आमच्याकडे. "पाहुणी म्हणून येईन. पेशंट म्हणून नाही."

पण वय झालं तसं एक विचित्र झालं. वन्सं हिंदीत भांडेनाशा झाल्या. मला मेलीला वाटलं, चला, बाई निवळली! खरं काय ते डॉक्टरांनी सांगितलं. इतक्या वर्षांत साखर इतक्यांदा उतरली होती की शरीरानं आता हाका मारणंच सोडलं होतं. ना घाम, ना थरथर, ना चिडचिड, एकदम अंधार. साखर थोडी वर राहिली तरी चालेल, म्हणाले, पण खाली नको. आणि आता एकट्या राहू नका. पहिलं वन्संनी ऐकलं. दुसऱ्यासाठी त्यांनी तोड काढली: दंडावर बटणासारखा सेन्सर लावून घेतला, त्याचा आकडा माझ्या मोबाईलवर. आकडा पडला की माझा फोन कोकलायचा आणि मी त्यांना लावायचे. "खाल्लं गं बाई, खाल्लं! ठेव."

मग तो श्रावणातला सोमवार. सवारी बघायला आम्ही सगळे वन्संच्या गॅलरीत. पालखीला वेळ आहे असं खालचे लोक म्हणत होते, म्हणून वन्संनी ताट वाढून घेतलं, सुई टोचली, पहिला घास कालवला, आणि खाली एकच गलका उठला, "राजा आ गए!" आमच्या गावात तो नुसता देव नाही, तो राजा आहे, आणि राजा दारावरून जात असताना जेवत बसायचं कसं? जन्मभर देवाला थांबवणारी बाई त्या दिवशी ताटावरून उठली. पालखी गर्दीत अडकली. झांजा, डमरू, जयजयकार. माझा फोन पर्समध्ये कोकलत होता तो कुणाला ऐकू येणार? आम्ही सगळे रस्त्याकडे तोंड करून हात जोडून उभे. मागे वळले तर वन्सं भिंतीला टेकून खाली बसलेल्या, डोळे अर्धे मिटलेले.

खाली रस्ता बंद, दवाखान्याची गाडी येणार कुठून? त्या गिळत होत्या हे नशीब. ह्यांनी मान धरली, मी ग्लुकोजचं पाणी चमच्याचमच्यानं घातलं. माझ्या हातून निम्मं त्यांच्या पदरावर सांडलं. बऱ्याच वेळानं नजर स्थिर झाली. म्हणाल्या, "पालखी गेली?" मग आमच्या चेहऱ्यांकडे बघितलं. कुणी बोलायच्या आधी उठून त्यांनी कपाटातून चार साड्या काढल्या.

आमच्या घरी वन्संनी कसलाही त्रास दिला नाही, हाच त्रास होता. देऊ ते खायच्या, विचारून आंघोळीला जायच्या. भांडायच्या नाहीत, मराठीतही. एका रविवारी मीच म्हटलं, "चला, तुमच्या खोल्या झाडून येऊ." कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, त्या खुर्चीत बसल्या, आणि मला काय सुचलं कोण जाणे, म्हणाले, "वन्सं, मला बाजारात जरा काम आहे. तुम्ही बसा." खाली बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीवर मी मोबाईलमधला आकडा बघत बसले. वरून भांड्यांचा आवाज आला, मग रेडिओचा. पुष्कळ वेळानं वर गेले तर त्यांनी स्वतःपुरता चहा केला होता. एकच कप. मला विचारलंही नाही.

"काय आणलंस बाजारातून?"

"काही नाही."

"खिडकीतून दिसत होतीस." त्यांनी कप विसळून पालथा घातला. "पुढच्या रविवारी पण काम काढ."

मग दर रविवारी मला बाजारात काम निघू लागलं. त्या मागच्या थंडीत गेल्या, न्यूमोनियानं. खोल्यांमध्ये आता नवं बिऱ्हाड आलंय. बांगडीवाला कुठे भेटला की अजून विचारतो, "भाभीजी, आजकल आती नहीं?" मी म्हणते, बाजारात काही काम निघत नाही.