आत्याने मागितलेलं चित्र

आमची कालो सुट्टीला बेटावर आली ती पुस्तकांचं खोकं घेऊन. बोटीवरून उतरवताना तिच्या बापाची कंबरच धरली. मी म्हटलं, "राजधानीहून लोक साखर आणतात, साबण आणतात. ही बया दगड घेऊन आलीय!"

"मावशी, नाताळ ते फेब्रुवारी, सगळी वाचून संपवणार," ती म्हणाली. पोरीचं सगळं ठरलेलं. सकाळी वाचन, दुपारी काम, आणि फेब्रुवारीत ऑकलंडच्या चित्रकलेच्या कॉलेजात मुलाखत. तिथे म्हणे एक तरी मोठं काम परीक्षकांपुढे पसरून दाखवावं लागतं, नुसत्या फोटोंवर भागत नाही. तर ही ङातू दाखवणार होती. आपलं झाडाच्या सालीचं कापड, पण त्यावर चित्र तिचं स्वतःचं.

आमच्या कापड करणाऱ्या बायकांच्या गटात पाळीपाळीने एकेकीचं कापड होतं. पाळी होती माझ्या धाकट्या बहिणीची, सियालेची. तिने ती लेकीला, कालोला देऊन टाकली. आम्ही साली ठोकल्या, खळ लावून तुकडे जोडले. आता नेहमीचे नक्षीचे पाट खाली ठेवायचे आणि वरून रंग घासायचा, एवढंच बाकी होतं. तर कालो म्हणते, "पाट नकोत. मी हाताने काढणार."

"काय काढणार?"

"तुम्हालाच."

आणि काढलं की हो! ओळीने बसलेल्या आम्ही, हातात ठोकणी, गाताना वासलेली तोंडं, पसरलेल्या मांड्या. मी म्हटलं, "माझं नाक एवढं?"

"मी कमीच काढलंय, मावशी."

रंग वाळेपर्यंत ती आम्हाला पुस्तकातलं वाचून दाखवायची. एक चित्रकार उपाशी राहून चित्रं काढत होता म्हणे. "मेल्याला आई नव्हती का दोन धपाटे घालायला?" आमच्यातली एक म्हणाली. कालो इतकी हसली की कुंचला हातातून पडला. पण खरं सांगते, ते कापड पुरं झालं तेव्हा आम्ही सगळ्या त्यात आपापला चेहरा शोधत बसलो. इतकी वर्षं ठोकतोय, आम्हाला कुणी असं बघितलंच नव्हतं.

नव्या वर्षाच्या प्रार्थनेच्या आठवड्यात तिची आत्या आली, लोसेली. कालोने हौसेने अंगणात कापड पसरलं आणि विचारलं, "आत्या, कसं झालंय?"

मी चिमटा काढेपर्यंत उशीर झाला होता. अगं, आत्याला असं विचारतात का कधी? आमच्यात भावाच्या घरी आत्याचा शब्द शेवटचा, तिला आवडलं की ते तिचं! आता म्हणाल, कालोने नाही म्हटलं असतं तर? आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं!

लोसेली कापडाभोवती फिरली, गुडघे धरत खाली बसली, एकेका बाईवरून हात फिरवला. मग म्हणाली, "हे मी नेते."

बापाने मान खाली घातली. बहिणीपुढे तो काय बोलणार? शेवटी मीच तोंड उघडलं. "लोसेलीबाई, पोरीची मुलाखत आहे हो. तिचं सगळं यावरच आहे."

"पोर माझ्या भावाची आहे," ती म्हणाली. मग कालोकडे वळली. "जन्मभर लोकांच्या प्रेतांखाली झाडं नि कबुतरं काढलेली कापडं अंथरली मी. माझ्या वेळी मला या बायका हव्यात. गात गात तरी नेतील मला."

कालो कापडाशी वाकली. "ने, आत्या," एवढंच म्हणाली आणि स्वतःच्या हाताने घडी घालून दिली. मग स्वयंपाकघरामागे जाऊन ढसाढसा रडली. "मी काय दाखवू गं तिथे?" मी तिला पोटाशी धरलं. दुसरं कापड करायला साल उरली नव्हती, आणि नवी झाडं वर्षभर तरी तोडण्याजोगी होत नाहीत. लोसेलीचा असा राग आला मला! तिची बोट सुटली तेव्हा मी हातसुद्धा हलवला नाही.

फेब्रुवारीत कालो चार कच्ची चित्रं आणि मोबाइलमधले फोटो घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"घेतलं का गं?"

"ऐक तर. त्यांनी विचारलं, मूळ काम कुठंय? म्हटलं, आत्याने मागितलं, दिलं. तर एक बाई म्हणाल्या, नाही म्हणायचं ना!"

"मग?"

"म्हटलं, बाई, आत्याने ते स्वतःच्या मरणासाठी ठेवलंय. याहून मोठ्या कुठल्या भिंतीवर तुम्ही ते लावणार होता?"

"अगं भवाने! असं बोललीस? संपलं सगळं!"

"नाही गं मावशी, घेतलं मला. त्या बाईंना कापड बघायचंच आहे म्हणे. कधी बघायला मिळेल, असं विचारत होत्या."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, माझी आत्या जाईल त्या दिवशी या. आणि देव करो, तोवर तुम्ही अगदी म्हाताऱ्या व्हा."