जयवंताबाईंची घोंगडी

२०१६च्या दसऱ्याला आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि माझी ऑर्डर निघाली आसिफाबादची. मी सरकारी कचेरीत कारकून. बाळंतपणाची रजा संपायला तीन आठवडे उरले होते. दिवसा मनीला सांभाळायला माझी आई तिकडे यायला तयार होती. रात्र मात्र माझी मलाच काढायची होती. आणि आमची पाच महिन्यांची मनी रात्रीतून पाच वेळा ओली होऊन घर डोक्यावर घ्यायची. बाजारच्या डायपरने तिचं अंग लाल व्हायचं, कापडी लंगोट तासाभरात चिंब. असल्या जागरणावर नोकरी कशी करणार? मी राजीनामा लिहून कपाटात ठेवला होता.

आदिलाबादला लागून असलेल्या मावल्यात आमच्या शेजारी जयवंताबाई राहायच्या. मूळच्या तलमडुगुकडच्या, कापूस-ज्वारीच्या घरातल्या. नवरा नागोराव गेल्यावर मुलाकडे आलेल्या. वय सत्तर, पण सुईत दोरा एका झटक्यात ओवायच्या. तोंडही तसंच चालायचं. भाजीवालीशी तेलुगूत भांडण, दूधवाल्याशी हिंदीत आणि माझ्याशी घरच्या भाषेत. राजीनाम्याचं ऐकून कडाडल्याच, "काऊन? पोरगी मुतते म्हनून सरकारी नोकरी सोडते का कोनी?"

दुसऱ्याच दिवशी त्या कामाला लागल्या. सारा जन्म कापसात गेलेला, तेव्हा उपायही कापसाचाच असणार. शेतातला कापूस पिंजून त्यांनी लंगोटात ठेवायच्या जाड गाद्या शिवल्या. गाद्यांनी पाणी प्यायलं खरं, पण आत गोळे झाले, तीन तीन दिवस वाळेनात, आणि वास तर विचारूच नका. मी नाक दाबलं.

"कापसाले नावं ठिऊ नको!" त्या म्हणाल्या. पण गाद्या त्यांनीच गुपचूप उकिरड्यावर टाकल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी लोखंडी पेटीतून एक काळी घोंगडी काढली, नागोरावांची.

"आमचे हे ज्वारीच्या जागलीले जात. रातभर दव पडे. वरून घोंगडी ओली, अंदर मानूस कोरडा. मले आधी काऊन नाही सुचलं?"

त्यांनी घोंगडीचा कोपरा कापला, फक्त कोपरा. आणि कापसातल्या माणसांनी करायची तीच चूक केली. सुती कापड उकळतात तसा तो लोकरीचा तुकडा साबण घालून चुलीवर उकळला आणि वर धोपटण्याने बडवला. बाहेर आला तो निम्मा होऊन! मला हसू आवरेना.

"हास, हास," म्हणत त्या तुकडा बोटांनी दाबून बघत राहिल्या. आटून तो चांगला जाड आणि घट्ट झाला होता. त्याचीच दुहेरी घडी घालून त्यांनी तांब्यातलं पाणी हळूहळू ओतलं. पाणी आत जिरलं, खालची फरशी कोरडी.

मग अंगाकडच्या बाजूला जुन्या लुगड्याचं मऊ कापड लावून चारी बाजूंनी धावदोरा घातला. पहिल्याच रात्री तो तुकडा लंगोटात घालून मनीला निजवलं. जाग आली तेव्हा लख्ख उजाडलं होतं आणि मी घाबरलेच. मनी पाय उडवत हसत होती, अंथरूण कोरडं. मी तशीच, केस न विंचरता शेजारी धावले आणि जयवंताबाईंना मिठी मारली.

"व माय, दम घेऊ दे," त्या म्हणाल्या, पण चेहरा फुलला होता.

निघायच्या दिवशी त्यांनी माझ्या हातात गाठोडं ठेवलं. आत तसेच आठ तुकडे. "उन्हात वाळवत जाय. उकळू मात्र नको, मी उकळलं तेवढं बस."

मागे पेटी उघडी होती, रिकामी. आटून आटून एका कोपऱ्यावर कुठलं भागणार? सगळी घोंगडी संपली होती. नागोरावांची तेवढी एकच वस्तू त्यांनी जपून ठेवली होती. मला रडू फुटलं.

"मावशी, हे काय केलं तुमी? तुमच्यापाशी त्यांचं काहीच नाही राहिलं."

"रडू नको व. जिल्ह्याचे चार तुकडे झाले, घोंगडीचे आठ. पेटीत बसून घोंगडी काय करून राह्यली होती? आमच्या ह्यायची तं जनमभर रातपाळीच होती. तुले सरकारनं ऑर्डर देल्ली, ह्यायले मी देल्ली. ने आसिफाबादले. राखण करतीन पोरीची."

राजीनाम्याचा कागद मी त्यांच्याच चुलीत घातला.