नॉर्मन पाळणा तपासतो

माझ्या बहिणीचा नवरा नॉर्मन तुस्कानो मूळचा वसईचा, कतारमध्ये मेसईदला क्रेन तपासायचा. हूक, साखळी, ब्रेक पाहून एक तर सही करायची, नाही तर लाल टॅग लावून यंत्र बंद पाडायचं, ही त्याची नोकरी. माणूस शांत, पण एकदा डूख धरला की सोडणार नाही. मला तो त्यासाठीच आवडतो.

२००१च्या ईदला तो प्रिन्सीला, म्हणजे माझ्या भाचीला, दोह्याच्या एका पार्कात घेऊन गेला. पोरगी नऊ वर्षांची, दोन्ही पायांना आधाराचे लोखंडी कॅलिपर. मोठ्या पाळण्याला तासाभराची रांग. नॉर्मनने मॅनेजरला विचारलं, मी रांगेत उभा राहतो, ही बाकावर बसेल, नंबर आला की बोलावतो, चालेल का? मॅनेजर गुरुप्रसाद म्हणाला, "रूल सबके लिए सेम है. आज ये, कल सब लोग पैर में पट्टा बाँधके आएँगे." आणि तेवढ्यात त्याने ओळखीचं एक कुटुंब बाहेर पडायच्या फाटकातून आत सोडलं.

नॉर्मन इरेला पेटला. मग रांगेतूनच जाऊ, म्हणाला. प्रिन्सी दोनदा 'घरी जाऊ या' म्हणाली, तरी तो हलला नाही. चाळीस मिनिटांनी ती कोसळली. लोखंडाने मांडी सोलली. पाळणा राहिला तो राहिलाच.

२००४ साली अपंगांसाठी कायदा आला. नॉर्मनने त्याचं इंग्रजी भाषांतर मिळवून शब्दन् शब्द वाचला. पाळण्याच्या रांगेबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. "खलास," म्हणाला आणि कागद मिटला.

पुढच्या वर्षी ईदच्या तोंडावर त्याच पार्कच्या तपासणीचं काम त्याच्या कंपनीकडे आलं. ते त्याने मागून घेतलं. गुरुप्रसादने त्याला ओळखलं नाही. दोन दिवस नॉर्मनने बोल्ट न् बोल्ट पाहिला, पण पाळणा ठणठणीत होता. खोटा दोष लिहिणं त्याला जमत नाही. मी असतो तर लिहिला असता. मग त्याने पाळणा बनवणाऱ्या कंपनीचं पुस्तक मागवलं. त्यात स्पष्ट होतं: ज्याला उभं राहता येत नाही त्याला बसायला जागा द्यावी, आणि पाळणा थांबवून बाहेर पडायच्या फाटकाने चढवावं. पार्कात यातलं काहीच नव्हतं. नॉर्मनने लाल टॅग लावला.

"सर, परसों ईद है," गुरुप्रसाद गयावया करू लागला.

"रूल सबके लिए सेम है," नॉर्मन म्हणाला.

एका रात्रीत बाक आला, पाटी आली. उरला अशा माणसाला चढवायचा सराव. त्यासाठी नॉर्मनने गुरुप्रसादच्याच दोन्ही पायांना फळ्या बांधल्या आणि त्याला आधी रांगेत उभं केलं. सोय नसताना काय होतं तेही रिपोर्टमध्ये लिहायचंय, म्हणाला. अकराव्या मिनिटाला तो घामाघूम होऊन कठड्याला लोंबकळला. "मेरी बेटी चालीस मिनट खड़ी थी," नॉर्मनने सांगितलं. मग त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि टॅग काढला.

संध्याकाळी घरी हे ऐकून मी पोट धरून हसलो. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. प्रिन्सी, आता तेरा वर्षांची, हसली नाही.

"डिड ही फॉल?" तिने विचारलं.

"नाही गं. पडायच्या आत मी बसवलं त्याला."

एरवी इंग्रजीत उत्तर देणारी पोरगी मराठीत म्हणाली, "मला तर तूपण बसू दिलं नव्हतं, डॅडी."