मणियारणीचं रडणं

महागावच्या अमिनाबीनं तीस वर्षं बंजाऱ्यांच्या तांड्यातांड्यांतून फिरून बांगड्या भरल्या. काचेच्या बांगडीचा धंदा मोठा नाजूक. बाईचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याखालचं हाड दाबत दाबत बांगडी वर सरकवायची, आणि तोवर बाई बोलतेच. नवऱ्याची दारू, सासूचा जाच, पोटात राहिलेलं, पडलेलं, सगळं अमिनाबीच्या कानावर आलं आणि तिथंच राहिलं. इकडचं तिकडे करायची तिला सवय नव्हती. गोरबोली मात्र ती बंजारा बायकांइतकीच सराईत बोले. म्हणून एकसष्ट सालच्या हिवाळ्यात सरकारी दवाखान्यातल्या विमलताईंनी तिला बोलावून घेतलं.

विमलताई समाजकल्याणाच्या बाई. नागपूरला शिकून आलेल्या, मनानं चांगल्या, आणि चांगल्या माणसांत असतो तो हट्ट त्यांच्यातही होताच. त्यांच्यापुढे मानीबाई बसली होती, पूनमसिंग बंजाऱ्याची बायको. घरी दोन वर्षांची मुलगी. दोन महिने मानीबाईच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. भाकरी समोर ठेवली तर नुसती बघत राही, पोर रडली तरी बघत राही. डॉक्टरांनी कागद तयार केला होता: सोमवारच्या गाडीनं नागपूरला, वेड्यांच्या इस्पितळात. पूनमसिंगनं त्यावर अंगठाही दिला होता. तिथून परतलेलं माणूस तांड्यात कुणी पाहिलं नव्हतं.

"ती बोलली तर मी डॉक्टरांना थांबवू शकते अमिनाबी," विमलताई म्हणाल्या. "नाही बोलली तर माझ्या हातात काही नाही."

विमलताईंची रीत पक्की होती. दार लावायचं, घरच्यांना बाहेर काढायचं, टेबलापलीकडे बसून डोळ्यात बघत हळू आवाजात विचारायचं. तांड्यातल्या चार बाया सोबत आल्या होत्या, त्यांनाही त्यांनी बाहेर बसवलं. शुक्रवारचा अख्खा दिवस त्या विचारत राहिल्या, अमिनाबी ते गोरबोलीत सांगत राहिली आणि मानीबाईनं ओढणी नाकापर्यंत ओढून घेतली. "तुला कसलं दुःख आहे?" हे सातव्यांदा विचारताना अमिनाबीला स्वतःचीच लाज वाटली. दुकानात भाव विचारावा तसं दुःख कुणी विचारतं का?

संध्याकाळी ती बाहेर ओट्यावर पूनमसिंगपाशी जाऊन बसली.

"हिची माय, तुळसाबाई, गेली म्हणते. कवा गेली रे?"

पूनमसिंग म्हणाला, "दिवाळीच्या आंधी. देवसिंगनं, हिच्या भावानं, निरोपच नाही देल्ला. बैलावरून भांडण झालतं आमचं. मंग मी बी हिले नाही नेलं."

"तिकडून कोनी बाई भेटाले आली?"

"नाही."

अमिनाबीनं कपाळाला हात लावला. या तांड्यांतली रीत तिनं शंभरदा पाहिली होती. आई गेली की माहेरची बाई लेकीला भेटायला येते. दोघी गळ्यात पडतात, एका ओढणीखाली डोकी घेतात आणि सूर लावून रडतात. कोण गेलं, कसं गेलं, मागं काय उरलं, ते सगळं त्या रडण्यातच सांगायचं. समोरासमोर बसून ते सांगायचं नसतं. माहेरचं कुणी आलंच नाही, तेव्हा मानीबाईचं सगळं आतच राहून गेलं होतं.

तिनं पूनमसिंगला चांगलं फैलावर घेतलं. मान खाली घालून तो शनिवारी देवसिंगच्या तांड्यावर गेला आणि रविवारी एकटाच परत आला. देवसिंगनं दारात उभंसुद्धा केलं नव्हतं.

"मग तुम्हीच भेटा ना तिला," अमिनाबीनं ती रीत सांगितल्यावर विमलताई म्हणाल्या. "तिच्या आईला तुम्ही ओळखत होता."

"तुमाले मालूम नाही ताई, तुम्ही काय मांगून राह्यल्या."

विमलताईंना खरंच माहीत नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी अमिनाबीची मलिका तापानं गेली. नऊ वर्षांची पोर. तेव्हा दीर निजामुद्दीन म्हणाला होता, "आवाज मत निकालो भाभी, गुनाह होता." माणूस दुष्ट नव्हता, मेलेल्यासाठी मोठ्यानं रडणं पाप असं त्याला शिकवलं होतं, ते तो बोलला. अमिनाबीनं दुपट्ट्याचा बोळा तोंडात कोंबला आणि सगळं गिळलं. तेव्हापासून घरात ते नाव कुणी काढलं नव्हतं, आणि आता विमलताई तिला मोठ्यानं रडायला सांगत होत्या. तिला भीती वाटली, पापाची थोडी आणि आपल्या तोंडून काय बाहेर पडेल त्याची फार.

सोमवारी सकाळी आल्याआल्या तिनं टेबल भिंतीला लावायला सांगितलं. तांड्यातल्या बायांना आत घेतलं. मग जमिनीवर बसून मानीबाईचं डोकं खांद्यावर घेतलं, ओढणी दोघींवर ओढली आणि सूर लावला. पहिल्यांदा आवाज फाटला, दुसऱ्यांदा लागला. तुळसाबाईच्या मनगटात मी वीस वर्षं बांगड्या भरल्या, असं ती रडत म्हणाली. हात कामानं घट्ट झालेले, तरी ती लहान मापाच्याच मागायची, मग रागवायची, मग हसायची.

मानीबाई लाकडासारखी ताठ होती. बऱ्याच वेळानं ओढणीखालून घोगरा आवाज आला, त्याच सुरात. माझी याडी गेली, माझी आई गेली गं. तुझं कोण गेलं?

ही रीतच होती. तिथं एकटीनं रडायचं नसतं, दोघींनी आपापलं माणूस सांगायचं असतं. हे अमिनाबीला ठाऊक होतं आणि तरी ती उत्तर न जुळवता आली होती. कधीकाळी गेलेल्या आपल्या आईचं नाव तिला घेता आलं असतं. पण त्या ओढणीखाली कुणी खोटं बोलत नाही.

"माझी मलिका गेली," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा चढला की कंपाउंडर धावत आला. मानीबाईचे हात तिच्या पाठीवरून फिरू लागले. रडता रडता मानीबाईनं सगळं सांगितलं, आईचं, भावाचं, उपाशी बसलेल्या आपल्या पोरीचं. दहाची गाडी भोंगा वाजवून निघून गेली, तेव्हा विमलताईंनी तो कागद उपडा करून ठेवला होता.

गलका ऐकून डॉक्टर दारात आले. ओढणीखाली दोन बाया हमसून हमसून रडत होत्या.

"यातली पेशंट कोणती?" त्यांनी विचारलं.

विमलताई काही बोलायच्या आत मानीबाईनं ओढणी बाजूला केली. डोळे सुजलेले, पण नजर सरळ होती. मोडक्यातोडक्या मराठीत ती म्हणाली, "मी व्हती. पन आता हिच्यापाशी बसा कोनी. हिची लेक गेली."