कांबळेदादांच्या कॅसेटी

एखाद्याला सर्दी झाली की आपण काढा सांगतो, तशी कांबळेदादा कॅसेट सांगायचे. धंदा चालत नाही असं कुणी म्हटलं, की आधी त्याला खाली बसवायचे, त्याचं सगळं रडगाणं मधे न बोलता ऐकून घ्यायचे, आणि मग रेक्झिनच्या पिशवीत हात घालून एक कॅसेट बाहेर काढायचे. "ही ऐका. दुसरी बाजू आधी लावा. पहिली तुमच्या कामाची न्हाय." कॅसेटवर कुणाचं नाव नसायचं. निळ्या बॉलपेननं दुखणं लिहिलेलं असायचं. 'बोलाय भीती वाटती.' 'गिऱ्हाईक बघतंय आणि जातंय.' 'दर सांगताना आवाज बसतो.'

मला पहिली मिळाली ती 'बोलाय भीती वाटती'.

ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. आम्ही कसबा बावड्यात राहायचो, आमचे मालक, म्हणजे ह्यांची नोकरी साखर कारखान्यात होती. मी घरी चटणी करून विकायला नुकती सुरुवात केली होती. आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षभराचं कांदा-लसणाचं तिखट बरं का, बाहेरच्यांना हे सांगावं लागतं. चटणीला नाव ठेवायला जागा नव्हती, पण दुकानाची पायरी चढले की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. एकदा अशीच भरलेली पिशवी घेऊन परत येत होते. दादा आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे, एका चहापावडरीच्या व्यापाऱ्याकडं सेल्समन होते. दारात बूट काढत होते, त्यांनी पिशवी बघितली.

"वहिनी, माल परत आणलासा व्हय? काय बोललासा तिथं?"

मी म्हटलं, काय बोलणार, चटणी घेणार का म्हणून विचारलं.

"आणि त्यो न्हाय म्हणाला."

मी मान हलवली.

"मग त्याचं काय चुकलं? तुम्ही इचारलासा, त्यानं सांगितलं."

मला राग आला होता, पण हसूही आलं. त्यांनी आत जाऊन ती कॅसेट आणून दिली. आजऱ्याच्या बाजारात तांदूळ विकणाऱ्या एका म्हातारीची. ती बाई तांदळाची तारीफच करत नव्हती. आलेल्या माणसाच्या तळहातावर चार दाणे ठेवायची आणि विचारायची, आज घरात कोण जेवायला हाय? मग त्या पाहुण्यांबद्दल, लेकीबद्दल, जावयाबद्दल बोलणं चालायचं आणि तांदूळ आपोआप मापात पडायचा. दुसऱ्या दिवशी मी दुकानदाराला चटणी घ्या म्हटलंच नाही. तुमच्या घरात तिखट कोण खातं, एवढंच विचारलं. तो अर्धा तास आईबद्दल बोलला, आणि माझी पिशवी रिकामी झाली.

ह्या कॅसेटींची सुरुवात कशी झाली तेही सांगते. चहाच्या कंपनीनं सगळ्या सेल्समन लोकांना इंग्रजी कॅसेटींचा एक संच दिला होता, माल कसा विकावा ह्याचा. बाकीच्यांनी त्यावर गाणी भरून घेतली. दादा मात्र डिक्शनरी घेऊन कित्येक महिने ऐकत बसले. शिक्षण दहावी, पण जिद्द बघा. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "सायेब बोलतोय झ्याक. पण त्यानं आजऱ्याचा बाजार बघितला न्हाय. तिथं पाऊस आला की गिऱ्हाईक माल सोडून छत्री बघतंय, त्याचं काय करायचं ते न्हाय सांगत." मग स्वतःच एक टेपरेकॉर्डर घेतला. एसटीनं आजरा, गारगोटी, गडहिंग्लज असं फिरायचेच. आपलं काम आटपलं की बाजारातला जो सगळ्यात चांगला विकणारा असेल त्याच्याजवळ जाऊन बसायचे, परवानगी घ्यायचे, आणि बटण दाबायचे.

त्यांचा एक नियम होता. स्वतःचा आवाज भरायचा नाही. प्रश्न विचारायची वेळ आली की पॉजचं बटण दाबायचे, प्रश्न विचारायचे, आणि समोरच्यानं तोंड उघडलं की बटण सोडायचे. त्यामुळं कॅसेटवर माणूस बोलतोय, मधेच टक्क असा आवाज, आणि पुन्हा माणूस बोलतोय. मी एकदा विचारलं, दादा, तुम्ही काय विचारलंत ते आम्हाला कसं कळायचं? तर म्हणाले, "उत्तर ऐकून वळखायचं की. मी मधी कशाला? माझं काय ऐकायचं हाय?"

सुमनताई, त्यांची बायको, वैतागायच्या. "जगाचा आवाज भरून ठेवलाय ह्यांनी घरात. कपाटात लुगडं ठेवाय जागा न्हाय."

कागलच्या एमआयडीसीतनं टाय लावलेले साहेब मोटारसायकलवरून यायचे त्यांच्याकडं, कुठली ऐकू म्हणून विचारायला. दादा त्यांनाही खाली सतरंजीवर बसवायचे. कॅसेट परत देताना आवडली, छान होती असं सांगितलेलं त्यांना चालायचं नाही. "काय पटलं न्हाय ते सांगा." त्याशिवाय पुढची मिळायची नाही. मी एकदा बैलबाजारातल्या दलालाची कॅसेट परत केली आणि म्हटलं, ही बिघडलीय, मधे नुसत्या घुंगरांचाच आवाज येतोय.

"बिघडली न्हाय. त्यो गप बसलाय. ऐका की परत, दर सांगून किती वेळ गप बसलाय ते."

मी परत ऐकली. मग एका खानावळीच्या मालकाला दर सांगितला आणि ओठ घट्ट मिटून उभी राहिले. तो वर बघतोय, खाली बघतोय, मी आपली गप्प. शेवटी तोच म्हणाला, ठीक आहे, दर महिन्याला पाठवा. ती खानावळ पुढं कितीतरी वर्षं माझं गिऱ्हाईक होती. मी शाळा सातवीपर्यंत शिकलेली बाई. माझं कॉलेज म्हणजे दादांची पिशवी.

दोन हजार सालानंतर सीड्या आल्या, कॅसेटी मागायला येणारी माणसं कमी झाली. दादा रिटायर झाले. आणि एका चैत्रात ते टेपरेकॉर्डर घेऊन माझ्या दारात उभे राहिले. जरा लाजतच म्हणाले, "वहिनी, एक कॅसेट माझी भरावी म्हणतो. एवढी वर्सं फिरलो, काय काय बघितलं, ते सांगावं. पर एकट्याला यंत्रापुढं बोलाय येत न्हाय मला. समोर माणूस लागतंय. प्रश्न तुम्ही इचारा, बटन तुम्ही दाबा."

आता चैत्र म्हणजे माझा मिरचीचा हंगाम. गच्चीवर मिरची वाळत होती, घरात पाच बायका कामाला, नाकातोंडात तिखट. मी म्हटलं, दादा, आज नको. आठ दिवसांनी परत आले, तेव्हा पुण्याचा माल टेम्पोत चढत होता. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी मिरचीचे देठ खुडत बसले होते. म्हटलं, एक पाऊस पडू दे, मग निवांत बसू.

"बसू की," म्हणाले. "घाई कुठं हाय."

आणि माझ्यासमोर बसून ते पण देठ खुडायला लागले. बोलत होते. पहिल्या दिवशी एका दुकानदारानं पिशवी रस्त्यावर कशी टाकली होती. आजऱ्याच्या म्हातारीनं पहिल्यांदा कसं हाकललं होतं. एका ठिकाणी आडनाव ऐकून पाणी बाहेर ओट्यावर दिलं, आणि त्याच घरात पाच वर्षांनी पंगतीला कसं बसवलं, आणि ते जेवण गोड का लागलं नाही. दोन तास बोलत होते. जे कॅसेटवर यायला हवं होतं ते सगळं त्या दुपारी बोलले. मशीन पिशवीतच होतं, माझ्या गुडघ्यापासून हातभर लांब. हात तिखटाचे होते माझे. धुवायला कितीसा वेळ लागला असता?

मृग निघाला आणि दादांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एक 'व्हय' तेवढा राहिला. चहा पाहिजे का, व्हय. नको का, व्हय. डोळ्यांनी नाही म्हणायचे आणि तोंडातनं व्हय यायचं, मग स्वतःवरच चिडायचे. सुमनताई त्यांचे डोळे बघून ओळखायला शिकल्या.

डॉक्टर म्हणाले होते, बोलतं करा. मला वाटलं, समोर माणूस आणि मशीन ठेवलं तर कदाचित येईल काहीतरी. दिवाळीनंतर एका दुपारी मी गेले, त्यांच्याच टेपरेकॉर्डरमध्ये कोरी कॅसेट घातली आणि विचारलं, दादा, पहिल्यांदा फिरतीवर कुठल्या गावाला गेलता? त्यांचा चेहरा उजळला. ओठ हलायला लागले, गळ्याची शीर ताठ झाली, शब्द अगदी दारापर्यंत आला होता. आणि त्यांनी डावा हात उचलला आणि पॉजचं बटण दाबलं.

सवयच तशी होती. आपण बोलायचं तर यंत्र थांबवायचं.

मग म्हणाले, "व्हय." मी बटणाला परत हात लावला नाही. तेवढा धीर झाला नाही मला.

दीड वर्ष काढलं त्यांनी असं, मग गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि चार दिवसांनी सुमनताई दोन पिशव्या ओढत माझ्याकडं आल्या. सगळ्या कॅसेटी होत्या. म्हणाल्या, ह्यात कुठंतरी ते असतील, एक शब्द का असंना. मला हे लावता येत नाही, तुम्ही लावा.

मला माहीत होतं हो. तरी लावल्या. रोज दुपारी एकेक. बाजार बोलत होता, कासारीण बोलत होती, चपलांचा दुकानदार हसत होता. "अवं कांबळे, हे कुणी इचारतंय व्हय?" आणि टक्क. काय विचारलं होतं कुणास ठाऊक. प्रत्येक टक्कला सुमनताई मशीनकडं वाकायच्या. एकदा कुणीतरी खोकलं तर एकदम ताठ बसल्या. पुढच्याच वाक्याला कळलं, तो चपलांचा दुकानदार होता.

शेवटची कॅसेट संपली त्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं. तीनदा आले होते, तीनदा मी पुढं ढकललं, पाऊस पडू दे म्हणाले. सांगताना त्यांच्याकडं बघवेना.

ताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "तुमच्या आधी मला इचारलं हुतं. तू बस समोर, म्हणालते. मी म्हटलं, जलमभर तुमचंच ऐकत आलोय, आता आणि काय इचारू?"

मी मशीनमधनं कॅसेट काढून पिशवीत ठेवली.

"मला त्यांचं विकायचं बिकायचं बोलणं नको हुतं," त्या म्हणाल्या. "फिरतीवरनं आले की दारातनं म्हणायचे, सुमे, पाणी दे की. तेवढंच पाहिजे हुतं."

काय सुचलं मला, मी म्हणून बघितलं. "सुमे, पाणी दे की."

त्यांनी मान हलवली. "तसं न्हाय. शेवटाला जरा लांबवायचे."

मी लांबवलं.

"एवढं न्हाय." मग त्यांनी स्वतःच म्हणायला घेतलं, आणि 'सुमे' म्हणून तिथंच थांबल्या. डोळे पुसले नाहीत, माझ्याकडं बघत राहिल्या.

"परत म्हणा तुम्ही," म्हणाल्या. "जरा दमल्यावानी म्हणा. लांबनं चालत आल्यागत."