शेंदूर लावलेला लेथ

दुष्काळात आमचे दोन्ही बैल मामाकडे कोल्हारला गेले. तिथे निदान उसाचं वाढं मिळत होतं. कर्जतचा आमचा गोठा रिकामा झाला आणि त्यात मी लोखंड कातायचा एक जुना, गंजलेला लेथ आणून बसवला. इंजिन दुरुस्तीचं एक दुकान बंद पडलं होतं, तिथला. न बोलावता मुक्कामाला पाहुणा यावा, तसं वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, किती दिवस? मी छातीठोकपणे सांगितलं, बैल परत येईपर्यंत चालू करतो. नाही झाला तर खुशाल भंगारात द्या.

लेथचं हत्यार ज्या दोन लांब पट्ट्यांवरून सरकतं, त्यांना बेड म्हणतात. आमचा बेड झिजून मधोमध खोलगट झाला होता. तो सपाट करायची रीत सोपी, पण जीव काढणारी. तेलात शेंदूर कालवायचा, एका सपाट पट्टीला फासायचा आणि पट्टी बेडवर घासायची. जिथे उंचवटा तिथे लाल डाग उमटतो. तेवढाच डाग खरवडायचा, की पुन्हा शेंदूर. हे मी तीन महिने केलं. किराणा दुकानदार माझ्या मारुतिभक्तीवर बेहद्द खूश होता.

एके दिवशी शेजारच्या आत्या विरजण मागायला आल्या. गोठ्यात डोकावल्या आणि दारातच थबकल्या.

"कुठला रं देव ह्यो?"

"अजून ठरलं न्हाई, आत्या," मी म्हणालो.

एवढंच बोललो, पण तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी मी घरात नसताना त्यांनी झेंडूची फुलं वाहिली आणि बेडच्या कडेवर नारळ फोडला. नारळाचं पाणी ताज्या खरवडलेल्या लोखंडावर रात्रभर साचलं. सकाळी तांबूस गंज. आठ दिवसांचं काम पाण्यात. खरं तर मी तिथेच सांगून टाकायला हवं होतं. पण आत्यांचं ऐकून बायका चपला बाहेर काढून आत येत होत्या, आणि माझ्या कारागिरीला एवढा प्रेक्षक आधी कधी लाभला नव्हता.

पाऊस झाला. मामाचा निरोप आला की बैल सोमवारी पोचतात. लेथ काही फिरत नव्हता. मी दिलेल्या शब्दाची वडिलांनी आठवण करून दिली आणि भंगारवाल्याला बोलावलं. मी गोठ्याच्या खांबाला टेकून उभा राहिलो. भंगारवाला हातगाडी दाराशी लावून आत गेला, वाकून बघितलं आणि आला तसा मागे सरून बाहेर आला.

"आबा, ह्याला मी हात लावायचो न्हाई."

"आरं लोखंड हाय ते," वडील म्हणाले.

"व्हय, पन पुजलंय न्हवं. माज्या घरात पोरंबाळं हायत."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं, हे मला कळलं. कुंपणापलीकडे आत्या उभ्या होत्या; त्यांच्यादेखत हा देव नाही, असं वडिलांना म्हणता येईना. शेवटी हळू आवाजात म्हणाले, "कुदळ घे. बैलांचं छप्पर तू घालायचं."

दोन दिवस मी खड्डे खणले, मेढी रोवल्या, वर उसाचं पाचट घातलं. सोमवारी बैल आले ते सवयीने सरळ गोठ्याकडे वळले. त्यांना कासऱ्याला धरून पाचटाखाली न्यावं लागलं. गोठ्यात, कौलांखाली, लेथ राहिला. वडील पुढे कितीतरी दिवस वैरण टाकायचे, पण बैलांच्या तोंडाकडे बघायचे नाहीत.