बंद स्टेथोस्कोप आणि गफूरचाचांची झडप

आधीच सांगून टाकते, या सदरातले किस्से मी जेवताना वाचते आणि मनसोक्त हसते. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज... चालू द्या! माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. मी डॉक्टर आहे. तरी हा किस्सा लिहितेय, कारण तो माझ्यावरच गुदरलाय आणि आठवला की अजून नाचावंसं वाटतं.

ठिकाण संभाजीनगर, आमच्या कॉलेजचा मेडिसिन वॉर्ड (कॉलेजचं नाव राहू द्या). फायनल इयरची प्रॅक्टिकल. यात परीक्षकांसमोर पेशंट तपासून काय सापडलं ते सांगावं लागतं. त्यासाठी जुने, ठरलेले पेशंट मुद्दाम बोलावतात, आणि या मंडळींना स्वतःचा आजार तोंडपाठ असतो. विद्यार्थी घामाघूम झाला की हळूच उत्तर सांगून मोकळे!

आदल्या खेपेला मी इथंच आपटले होते. हृदयाची मायट्रल नावाची झडप अरुंद झाली की छातीत फार हलकी घरघर ऐकू येते. वर्गात सगळ्यांना यायची, मला कधीच नाही. परीक्षकांनी विचारलं, "ऐकू आली?" मी म्हटलं, "नाही सर." झालं, नापास! बरोबरीची मुलं इंटर्न होऊन मिरवत होती आणि मी पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत काकूमंडळींना चुकवत मागच्या रस्त्यानं घरी जात होते. या वेळी राहिलं तर डॉक्टरकी सोडायची, असं मनाशी ठरवून टाकलं होतं. आईलाही सांगितलं नव्हतं.

आणि माझ्या वाट्याला आले गफूरचाचा. औरंगपुऱ्यात बांगड्यांचं दुकान, अरुंद झडप, दर परीक्षेला हजर. म्हणजे पुन्हा तीच घरघर!

चाचा मात्र खुशीत. "डर मत बेटी. लिही, मायट्रल. लई पोरं पास केलीत आपण."

"चाचा, ते मलाही माहितीये हो. पण ऐकू यायला पाहिजे ना मला!"

"मग ऐक की. मी कुठं पळून चाललो?"

चाचा डाव्या कुशीवर वळले. मी स्टेथोस्कोपची लहान, वाटीसारखी बाजू त्यांच्या छातीवर ठेवली. आणि... काहीच नाही. घरघर सोडाच, हृदयाचे साधे ठोकेसुद्धा नाहीत! भीतीनं कान गेले बहुतेक, असं वाटलं. रडू येत होतं. मी डोळे मिटून तशीच वाकून राहिले.

मग आला तो आवाज. आधी ठोके. मग त्यांच्यामागून, पलीकडच्या गल्लीतली पिठाची गिरणी चालावी तशी घरघर. इतकी स्पष्ट की मी दचकलेच! आणि तिच्या जोडीला आणखी एक आवाज — गरम चहावर फुंकर मारल्यासारखा, बारीक. वॉर्डातला गोंगाट मला ऐकूच येत नव्हता. खरं सांगते, इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

परीक्षक आले. मी एका दमात सांगितलं, "सर, झडप अरुंद आहे. आणि ती गळतेसुद्धा आहे."

"गळते?" त्यांनी चष्मा वर केला. "हे कुणी सांगितलं तुला?"

"मी नाय सांगितलं साहेब!" चाचा उठून बसले. "मलाच म्हाईत नाय!"

सरांनी माझाच स्टेथोस्कोप घेऊन ऐकलं. हलवला, टिचकी मारली. मग त्याचं छातीला लावायचं डोकं माझ्यासमोर धरलं. या स्टेथोस्कोपचं डोकं फिरवून एका वेळी एकच बाजू चालू करता येते. मी घाईत ते फिरवलंच नव्हतं. वाटीची बाजू ठार बंद होती.

"यातून ऐकलंस तू?"

"हो सर..."

"अगं, यातून फटाका फुटला तरी ऐकू येणार नाही."

मग त्यांनी स्वतःचा स्टेथोस्कोप लावला. बराच वेळ ऐकलं. दुसऱ्या परीक्षकांना बोलावलं, त्यांनीही ऐकलं. "गळती हलकी आहे, पण आहे," ते म्हणाले. सरांनी माझा स्टेथोस्कोप परत देताना एवढंच म्हटलं, "जा. कान सांभाळ ते."

पास झाले! आईनं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले आणि काकूमंडळींकडं मला स्वतः घेऊन गेली. चाचांची पुढची तपासणी त्याच दिवशी झाली, गळती खरी निघाली, आणि काही महिन्यांनी त्यांना धातूची नवी झडप बसली.

घरी मी तो स्टेथोस्कोप तसाच बंद ठेवून भावाच्या छातीला लावून पाहिला. कितीदा तरी. काही म्हणजे काही ऐकू येत नाही. बरं, अंदाजानं सांगितलं म्हणावं तर अरुंद झडप सगळ्यांना माहीत होती, पण गळती तर खुद्द चाचांनाही ठाऊक नव्हती. मैत्रिणी म्हणतात, टेन्शनमध्ये भास झाला असेल. असेल बाई! पण भास इतका बरोबर कसा?

चाचा अजून परीक्षेला जातात. नव्या झडपेची टिकटिक शांत खोलीत नुसत्या कानांनीही ऐकू येते, त्यामुळं त्यांची ऐट विचारू नका. परवा दुकानात बांगड्या भरायला गेले होते, तेव्हा न राहवून विचारलंच, "चाचा, खरं सांगा, त्या दिवशी काय झालं होतं हो?"

माझ्या मनगटावर बांगडी चढवत ते हसले. "मला काय विचारती बेटी? मी तर पडलो होतो. ऐकलं तर तू!"